वॅटचा आकडा आणि श्रवणाची गरज : घरगुती ॲम्प्लिफायर व स्पीकर यांच्या जुळणीचा इतिहास (विशेष संदर्भ : अहमदनगर जिल्हा)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ध्वनिमाध्यमांचा इतिहास प्रामुख्याने कार्यक्रम, कलावंत आणि शासकीय धोरण या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. आकाशवाणीची केंद्रे कधी सुरू झाली, ग्रामोफोन कंपन्यांनी कोणाचे गाणे मुद्रित केले, चित्रपट बोलू कधी लागला, यांविषयी मराठीत पुष्कळ लेखन उपलब्ध आहे. परंतु ज्या यंत्रातून हा आवाज घराघरांत पोहोचला, त्या यंत्राच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही तंत्रज्ञांच्या अखत्यारीतील बाब मानली गेली. वास्तविक पाहता या यंत्राच्या खरेदीमागे कुटुंबाची मिळकत, प्रतिष्ठेच्या कल्पना, विजेची उपलब्धता आणि बाजारातील जाहिरात असे अनेक सामाजिक घटक कार्यरत असतात.

स्टिरिओ विकत घेताना ग्राहक सर्वप्रथम "किती वॅटचा?" असा प्रश्न विचारतो. हा प्रश्न आज स्वाभाविक वाटत असला तरी तो नेहमी विचारला जात नव्हता. रेडिओच्या पहिल्या पिढीतील ग्राहक संचात व्हॉल्व्ह किती आणि बँड किती, याची चौकशी करीत असे. वॅटचा आकडा केंद्रस्थानी कसा आला आणि त्याचा प्रत्यक्ष श्रवणाशी कितपत संबंध आहे, याचा शोध प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे. त्यासाठी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) विशेष संदर्भ म्हणून निवडला आहे. १९५६ साली सामूहिक रेडिओ श्रवणाचा जगभर चर्चिला गेलेला प्रयोग ज्या पाच जिल्ह्यांत झाला, त्यांपैकी हा एक जिल्हा होय.

उद्दिष्टे

१) ॲम्प्लिफायर व स्पीकर यांच्या 'जुळणी' या संकल्पनेचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला, याचा अभ्यास करणे.
२) १९५६ च्या रेडिओ शेतकरी मंडळांच्या प्रयोगाचा यंत्रशक्तीच्या दृष्टिकोनातून विचार करणे.
३) वॅटचा आकडा वाढत जाण्यामागील तांत्रिक व व्यापारी कारणे स्पष्ट करणे.
४) सर्वसाधारण घरातील श्रवणासाठी प्रत्यक्षात किती शक्ती लागते, याची मांडणी करणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

घरगुती ॲम्प्लिफायरच्या शक्तीत झालेली वाढ ही श्रवणाच्या गरजेतून कमी आणि स्पीकरची घटलेली कार्यक्षमता व जाहिरातीतील स्पर्धा यांतून अधिक झाली, हे प्रस्तुत अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे ध्वनिशास्त्रातील प्रचलित सूत्रांच्या आधारे आकडेमोड दिली आहे.

१. पहिली जुळणी : संरोधाची

आज घरोघरी वापरात असलेल्या स्पीकरचा मूळ आराखडा १९२५ साली अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत सिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू आणि वेटोळ्यातून जाणाऱ्या विद्युतप्रवाहानुसार होणारी शंकूची हालचाल, हे त्याचे तत्त्व होय. शंभर वर्षांनंतरही या तत्त्वात मूलभूत बदल झालेला नाही.

व्हॉल्व्हच्या काळात 'जुळणी' हा शब्द वॅटशी निगडित नव्हता, तो संरोधाशी निगडित होता. शक्ती पुरविणाऱ्या व्हॉल्व्हला सुमारे ५,००० ओहमचा भार हवा असे, तर स्पीकरच्या वेटोळ्याचा संरोध ३ ते १६ ओहम एवढाच असे. ही तफावत मिटविण्यासाठी दोहोंमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावा लागे. ५,००० ओहम आणि ४ ओहम यांची सांगड घालायची असल्यास ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांतील फेऱ्यांचे प्रमाण सुमारे ३५ास १ असावे लागते. हे प्रमाण चुकले तर आवाज क्षीण होई अथवा फाटे. म्हणूनच जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ४, ८ आणि १६ ओहम अशी वेगवेगळी जोडणीस्थाने दिलेली आढळतात. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर स्पीकर बदलताना प्रथम ओहम पाहत असे.

या काळातील शक्तीचे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. बॅटरीवर चालणाऱ्या लहान संचातील ३एस४ सारखा व्हॉल्व्ह ९० व्होल्टवर सुमारे पाव वॅट शक्ती देई. विजेवर चालणाऱ्या संचात ईएल८४ हा व्हॉल्व्ह एकटा असल्यास जास्तीत जास्त साडेपाच वॅटच्या आसपास शक्ती मिळे. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी इंग्लंडमधील 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला ॲम्प्लिफायर उच्च प्रतीच्या ध्वनिपुनरुत्पादनाचा मानदंड ठरला, त्याची शक्तीही १५ वॅटच होती.

२. १९५६ चा प्रयोग आणि अहमदनगर जिल्हा

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या सहकार्याने या केंद्रावरून रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग राबविण्यात आला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली होती. प्रत्येक गावी सुमारे वीस सभासदांचे मंडळ स्थापन केले गेले. आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. कॅनडामध्ये १९४१ पासून सुरू असलेल्या शेतकरी रेडिओ मंडळांची प्रेरणा या उपक्रमामागे होती.

कार्यक्रम संपल्यावर संच बंद करून सभासदांनी ऐकलेल्या विषयावर चर्चा करावी, काय करता येईल ते ठरवावे आणि शंका पुणे केंद्राकडे कळवाव्यात, अशी या मंडळांची कार्यपद्धती होती. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले. समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी मंडळ असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची तुलना केली. मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत इतर गावांपेक्षा लक्षणीय वाढ झाल्याचे त्यांना आढळून आले. या यशामुळे नोव्हेंबर १९५९ पासून ही योजना देशपातळीवर राबविण्यात आली.

या प्रयोगाची चर्चा विकासविषयक संज्ञापनाच्या अंगाने भरपूर झाली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे. त्या काळी बहुसंख्य गावांत वीज पोहोचलेली नव्हती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापनाच मुळी १९६० सालची आहे. ज्या गावी वीज नव्हती तेथील संच बॅटरीवर चालत. व्हॉल्व्हच्या संचांची वर दिलेली क्षमता पाहता वीस माणसांची सभा ज्या ध्वनिशक्तीवर भरत होती, ती पाव वॅटपासून फार तर पाच वॅटपर्यंतच्या मर्यादेतील होती असे म्हणता येते. तेवढ्या शक्तीत अर्धा तास ऐकून लोकांना आशय समजला आणि तो स्मरणातही राहिला, याची नोंद मूल्यमापनात मिळते.

हे कसे शक्य झाले? त्याची कारणे चार होत. पहिले म्हणजे श्रोते संचाभोवती जवळ बसत. दुसरे म्हणजे तिन्हीसांजेच्या गावात वाहनांचा व यंत्रांचा गोंगाट अत्यल्प होता. तिसरे म्हणजे संचातील स्पीकरचा शंकू हलका व त्यामुळे संवेदनशील होता. चौथे कारण असे की, मानवी बोलणे समजण्यासाठी खर्जातील खोल स्वरांची आवश्यकता नसते, आणि खरी शक्ती खर्ज निर्माण करण्यातच खर्च होते. या चार घटकांपैकी एकही घटक ॲम्प्लिफायरच्या वॅटशी संबंधित नाही.

३. भोंगा आणि घरातील पेटी

पाथर्डी तालुक्यातील मढीची यात्रा असो किंवा शिर्डीचा रामनवमी उत्सव, जिल्ह्यातील यात्रा-जत्रांमध्ये आणि तंबूतील चित्रपटांच्या खेळांमध्ये लोकांनी लाऊडस्पीकर प्रथम पाहिला तो भोंग्याच्या रूपात. भोंगा हे कार्यक्षमतेच्या दृष्टीने अत्यंत काटकसरी साधन आहे. कागदी शंकू हवेला थेट ढकलतो तेव्हा बहुतांश शक्ती वाया जाते. भोंग्याच्या वाढत्या तोंडामुळे लहान पडद्याची हालचाल हवेच्या मोठ्या स्तंभाशी जोडली जाते आणि विद्युतशक्तीचा बराच मोठा भाग ध्वनीत रूपांतरित होतो. म्हणूनच वीस-तीस वॅटच्या ॲम्प्लिफायरवर संपूर्ण जत्रेला ऐकू जात असे.

याउलट घरगुती स्पीकरमध्ये मिळालेल्या विद्युतशक्तीच्या एक टक्क्याहूनही कमी भाग ध्वनीत रूपांतरित होतो. ज्याची संवेदनशीलता एका वॅटला एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आहे, त्या स्पीकरची कार्यक्षमता सुमारे ०.४ टक्के भरते. म्हणजे १०० वॅट पुरविले तर अर्ध्या वॅटपेक्षाही कमी ध्वनी निर्माण होतो आणि उरलेल्या सुमारे साडेनव्याण्णव वॅटनी वेटोळे तापते. जत्रेतील तीस वॅट आणि दिवाणखान्यातील तीस वॅट हे समान नाहीत. मात्र 'वॅट म्हणजे आवाज' हे समीकरण जत्रेच्या अनुभवातून घरात आले आणि रूढ झाले.

४. लहान पेटी, मोठा ॲम्प्लिफायर

वॅटच्या वाढीमागील पहिले खरे तांत्रिक कारण १९५४ साली घडले. अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी ॲकॉस्टिक रिसर्च या कंपनीमार्फत पूर्णतः बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. पेटीतील कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करीत असल्याने कपाटाच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतून खोल खर्ज ऐकू येऊ लागला. तत्पूर्वी असा खर्ज मिळविण्यासाठी पॉल क्लिप्श यांच्या १९४० च्या दशकातील भोंगायुक्त स्पीकरप्रमाणे खोलीचा एक कोपरा अडविणारे अवाढव्य साधन लागत असे.

या सोयीची किंमत कार्यक्षमतेच्या रूपात मोजावी लागली. क्लिप्श यांच्या स्पीकरची संवेदनशीलता १०० डेसिबलपेक्षा अधिक, तर बंद पेटीच्या स्पीकरची ८५ डेसिबलच्या आसपास होती. डेसिबल हे प्रमाण लघुगणकी असल्याने १० डेसिबलचा फरक म्हणजे दहापट शक्ती आणि २० डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट शक्ती होय. जे काम पूर्वी अर्ध्या वॅटमध्ये होत असे, त्यासाठी आता वीस-तीस वॅट लागू लागले. जे. ए. हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो : लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च कार्यक्षमता यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी साध्य होतात. शहरातील खोल्या लहान होत्या आणि ग्राहकाला खर्ज हवा होता. त्यामुळे कार्यक्षमतेचा बळी गेला आणि शक्तीची उणीव ॲम्प्लिफायरने भरून काढली. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या आल्यानंतर प्रत्येक घरात एकाऐवजी दोन ॲम्प्लिफायर व दोन पेट्या आवश्यक ठरल्या.

५. ट्रान्झिस्टर आणि तालुक्याचा कारागीर

ट्रान्झिस्टरमुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गरज संपली. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर स्पीकरला कमी संरोधाचा स्रोत म्हणून थेट चालवू शकतो. त्यामुळे संरोध तंतोतंत जुळविणे हा जुना अर्थ मागे पडला आणि भार ठरावीक ओहमपेक्षा खाली जाऊ नये एवढीच अट उरली. ८ ओहमसाठी बनविलेल्या ॲम्प्लिफायरला दोन-दोन पेट्या समांतर जोडल्यास भार ४ ओहम होतो, प्रवाह दुप्पट वाहतो आणि ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका निर्माण होतो. जोडणीतील ही चूक वॅटचा आकडा पाहून लक्षात येत नाही.

१९७० व १९८० च्या दशकांत आयात शुल्क जास्त असल्याने परदेशी स्टिरिओ सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. फिलिप्स, सोनोडाईन यांसारख्या कंपन्यांचे संच बाजारात होते, तरी निमशहरी भागात सुटे भाग आणून जुळविलेल्या ॲम्प्लिफायरला मोठी मागणी होती. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली या सुट्या भागांच्या प्रमुख बाजारपेठा होत्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तयार होणारा २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर कारागिरांच्या विशेष पसंतीचा होता. सहकारी साखर कारखानदारीमुळे प्रवरा खोऱ्यासारख्या बागायती पट्ट्यात ग्राहकवर्गही तयार झालेला होता. लोणी येथील प्रवरा कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यानंतरच्या तीन दशकांत जिल्ह्यात अनेक कारखाने उभे राहिले आणि उसाच्या पैशातून घरात येणाऱ्या वस्तूंमध्ये रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि स्टिरिओ यांचा समावेश झाला. येथूनच वॅटचा आकडा हा उपयुक्ततेबरोबर प्रतिष्ठेचाही निदर्शक बनला.

६. जाहिरातीतील वॅट

एकाच ॲम्प्लिफायरची शक्ती अनेक प्रकारे सांगता येते. दोन्ही बाजू एकाच वेळी, ठरावीक भारावर, मर्यादित विकृतीसह सतत किती शक्ती देतात, हा त्यातील सर्वांत प्रामाणिक आकडा. क्षणभरासाठी मिळणारी शक्ती त्याहून अधिक असते. दोन्ही बाजूंची बेरीज केली की ती दुप्पट होते आणि लहरीचे शिखर मोजले की पुन्हा दुप्पट. अमेरिकेत १९६० च्या दशकात अशा आकड्यांचा सुळसुळाट झाल्याने तेथील संघराज्य व्यापार आयोगाने १९७४ साली नियम करून घरगुती ॲम्प्लिफायरची सतत शक्ती, भाराचा संरोध, कंप्रतेची मर्यादा आणि विकृतीचे प्रमाण जाहीर करणे बंधनकारक केले. २०२४ साली या नियमात सुधारणा करून मोजमापाच्या अटी अधिक निश्चित करण्यात आल्या.

भारतात १९७६ साली वजने व मापे मानक अधिनियम संमत झाला. किलो आणि लिटर यांची तपासणी निरीक्षक करू लागले, परंतु संगीतयंत्राच्या खोक्यावरील वॅट कोणी तराजूत घातला नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, आणि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर तर अधिकच, 'पी.एम.पी.ओ.' ही अक्षरे खोक्यांवर झळकू लागली. या मापासाठी कोणतेही सर्वमान्य मानक अस्तित्वात नाही. परिणामी ज्याची सतत शक्ती दहा वॅटही नाही अशा लहान संचावर शेकडो, क्वचित हजारो वॅट छापलेले आढळतात. संचाच्या पाठीमागील पट्टीवर विजेचा वापर ३० वॅट असा नोंदविलेला असेल, तर त्यातून १,००० वॅट ध्वनिशक्ती सातत्याने बाहेर पडणे ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार अशक्य आहे. ही साधी पडताळणी कोणताही ग्राहक दुकानातच करू शकतो.

७. एका खोलीचे गणित

घरगुती श्रवणासाठी किती शक्ती पुरेशी आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. १२ × १५ फुटांची खोली, ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे दोन स्पीकर आणि तीन मीटर अंतरावर बसलेला श्रोता गृहीत धरू. मोकळ्या जागेत तीन मीटरवर आवाज सुमारे साडेनऊ डेसिबलने कमी होतो. खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्याने ही घट सुमारे ६ डेसिबल धरता येईल. दोन स्पीकरमुळे ३ डेसिबलची भर पडते. म्हणजेच प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला असता श्रोत्यापर्यंत सुमारे ८४ डेसिबल आवाज पोहोचतो. नेहमीचे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते, हे येथे लक्षात घ्यावे.

संगीताची सरासरी पातळी ७५ डेसिबल असल्यास खोली आवाजाने भरून जाते. त्यासाठी प्रत्येक बाजूस लागणारी सरासरी शक्ती एक अष्टमांश वॅट एवढीच असते. अर्थात संगीतात क्षणिक उसळ्या असतात. तबल्याचा ठेका किंवा ढोलकीची थाप सरासरीपेक्षा १५ डेसिबलनेही वर जाऊ शकते. तेवढ्या क्षणापुरते चार वॅट लागतील. सरासरी ८० डेसिबल ठेवल्यास शिखरासाठी सुमारे १३ वॅट आणि सरासरी ८५ डेसिबल, म्हणजे बराच मोठा आवाज, ठेवल्यास सुमारे ४० वॅट लागतील. स्पीकरची संवेदनशीलता ९० डेसिबल असेल तर हे सर्व आकडे निम्मे होतात, ८४ डेसिबल असेल तर दुप्पट होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकणे श्रवणशक्तीस धोकादायक ठरू शकते. त्यामुळे यापुढील वॅटची गरज कानालाही परवडणारी नाही.

या गणितातून आणखी एक निष्कर्ष निघतो. ५० वॅटऐवजी १०० वॅटचा ॲम्प्लिफायर घेतल्यास आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची आवश्यकता असते. याउलट ३ डेसिबल अधिक संवेदनशील स्पीकर निवडल्यास तोच लाभ जादा वीज न वापरता मिळतो. दुप्पट वॅटसाठी दुप्पट किंमत मोजणाऱ्या कुटुंबाला ही बाब विक्रेत्याकडून क्वचितच सांगितली जाते.

८. कमी दाबाची वीज आणि जळालेला ट्वीटर

ग्रामीण भागातील विजेचा दाब हाही या इतिहासातील दुर्लक्षित घटक आहे. नियमन नसलेल्या पुरवठ्यावरील ॲम्प्लिफायरची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. सायंकाळी २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्टच मिळत असतील तर १०० वॅटचा ॲम्प्लिफायर सुमारे ६१ वॅटच देऊ शकतो. आकडा मोठा घसरलेला दिसला तरी कानाला जाणवणारा फरक सुमारे २ डेसिबलचाच असतो. मात्र श्रोत्याने जुन्याच सवयीने व्हॉल्यूमचे बटण वर ठेवल्यास ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेवर आदळतो आणि लहरींचे माथे सपाट कापले जातात. पूर्णतः चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या शुद्ध लहरीच्या दुप्पट शक्ती वाहून नेते, शिवाय तिच्यात वरच्या कंप्रतेचे घटक मिसळतात. उंच स्वरांसाठी असलेला लहान ट्वीटर थोड्याच वॅटसाठी बनविलेला असतो, त्यामुळे तो प्रथम जळतो.

यामुळे दोन परस्परविरोधी समजुती प्रचलित झाल्या. मोठा ॲम्प्लिफायर लावला की स्पीकर फुटतो, ही पहिली, आणि लहान ॲम्प्लिफायर लावला तर स्पीकर सुरक्षित राहतो, ही दुसरी. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. स्पीकरवरील वॅटचा आकडा हा त्याला 'हवी असलेली' शक्ती सांगत नाही, तो सहन करू शकेल ती मर्यादा सांगतो. १०० वॅट लिहिलेला स्पीकर दहा वॅटच्या चांगल्या ॲम्प्लिफायरवर, मर्यादेत ठेवल्यास, उत्तम वाजतो, आणि २० वॅटचा स्पीकर १०० वॅटच्या ॲम्प्लिफायरवर जबाबदारीने वाजविल्यास वर्षानुवर्षे टिकतो. आवाज फाटू लागला की बटण मागे घेणे, हाच यातील खरा सुरक्षानियम आहे.

९. भिंतीपलीकडचा श्रोता

घरगुती संगीतयंत्र ही पूर्णतः खाजगी बाब राहिलेली नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा निश्चित करण्यात आली आहे. खाजगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असू नये, असेही हे नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजीच्या निकालात कोणासही नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती करता येत नाही, हे तत्त्व अधोरेखित केले. मिरवणुकांतील ध्वनियंत्रणांविषयी होणाऱ्या चर्चेत घरातील स्टिरिओचा उल्लेख सहसा होत नाही. तथापि अधिक वॅट म्हणजे अधिक प्रतिष्ठा, ही धारणा दोन्हीकडे सारखीच आहे. खर्जाचे स्वर भिंत सहज ओलांडतात, आणि शेजारच्या घरात अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत किंवा आजारी व्यक्तीपर्यंत गाणे पोहोचत नाही, केवळ धपधप पोहोचते.

निष्कर्ष

१) ॲम्प्लिफायर व स्पीकर यांच्या जुळणीचा अर्थ तीन टप्प्यांत बदलला. व्हॉल्व्हच्या काळात ती संरोधाची जुळणी होती, ट्रान्झिस्टरच्या काळात ती सुरक्षित भाराची अट बनली आणि जाहिरातीच्या काळात ती केवळ वॅटच्या आकड्यांची तुलना होऊन राहिली.

२) वॅटच्या वाढीमागे लहान पेटीतून खर्ज मिळविण्याची खरी तांत्रिक गरज होती, हे मान्य करावे लागते. त्यामुळे घरगुती शक्ती एक-दोन वॅटवरून काही दशक वॅटपर्यंत जाणे समर्थनीय ठरते. शेकडो वॅटपर्यंतची पुढील वाढ मात्र सर्वसाधारण खोलीतील श्रवणाच्या गरजेतून सिद्ध होत नाही. या मर्यादेत प्रस्तुत अभ्यासाचे गृहीतक ग्राह्य ठरते.

३) योग्य निवडीचा क्रम खोलीचा आकार, श्रोत्याचे अंतर, स्पीकरची संवेदनशीलता, भाराचा संरोध आणि सर्वांत शेवटी ॲम्प्लिफायरची सतत शक्ती असा असावा. बाजारात हा क्रम उलटा आहे.

४) पी.एम.पी.ओ.सारख्या प्रमाणहीन मापाला आळा घालण्यासाठी सतत शक्तीचा आकडा, भार व विकृतीच्या प्रमाणासह, खोक्यावर छापणे बंधनकारक असणे ग्राहकहिताचे ठरेल. महाविद्यालयीन पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत असे एखादे यंत्र मोजण्यास दिल्यास विद्यार्थ्यांना लघुगणकाचा उपयोग आणि जाहिरातीची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकता येतील.

५) १९५६ साली अहमदनगर जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील गावकऱ्यांनी पाच वॅटच्या आतील शक्तीवर अर्धा तास ऐकले आणि संच बंद करून चर्चा केली. बोलणे आणि संगीत यांच्या गरजा भिन्न आहेत, त्यामुळे त्या संचाची आजच्या स्टिरिओशी सरळ तुलना करता येणार नाही. तरीही ऐकण्याची गुणवत्ता यंत्राच्या शक्तीपेक्षा परिसराची शांतता, श्रोत्याचे सान्निध्य आणि त्याचे अवधान यांवर अधिक अवलंबून असते, याचा तो प्रयोग लिखित पुरावा आहे. घरगुती ध्वनियंत्राच्या इतिहासात त्याची नोंद घेतली जाणे आवश्यक आहे.